आकडा दिसला, पण यंत्र थांबवणार कोण?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हल्ली उद्योजकांचा कुठलाही मेळावा असो, एक वाद ठरलेला असतो. व्यासपीठावरून कुणीतरी पडद्यावर लाल-हिरव्या चौकोनांचा डॅशबोर्ड दाखवतो आणि सांगतो, यंत्रांना सेन्सर लावा, सगळं इंटरनेटला जोडा, मुंबईत बसून मोबाइलवर कारखाना चालवा. चहाच्या टेबलापाशी दुसरा गट कुजबुजतो, हे चाकणच्या बड्या कंपन्यांचे चोचले. आमच्याकडे आधी धड वीज द्या, आणि माणसं घरी बसवायचे धंदे बंद करा. पहिला गट दुसऱ्याला मागासलेला ठरवतो, दुसरा पहिल्याला विक्रेत्यांचा दलाल. गंमत म्हणजे दोघेही भांडतात ते यंत्राला चिकटवलेल्या त्या सेन्सरच्या डबीवरून. ती केवढ्याला येते, किती माणसं कमी करते, पावसात टिकते का. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकणातल्या कारखान्यांनी ही जोडलेली उपकरणं लावावीत, लहान कारखान्यांनी तर जरूर लावावीत. पण कारखाना बदलतो तो डबीमुळे नव्हे. डबीतून निघणारा आकडा कुणाला दिसतो आणि तो पाहून यंत्राला हात घालायची मुभा कुणाला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. हे न ठरवता केलेला खर्च म्हणजे जुनाच कारखाना जास्त पैशांत चालवणं.

याचा कोकणातला सगळ्यात चांगला दाखला कारखान्यात नाही, कोकण रेल्वेच्या रुळांवर आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. आज रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं उपकरण आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाणी चढलं की इशारा देणारी यंत्रणा आहे. काही स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदवला जातो. पण या उपकरणांचं खरं बळ त्यांच्यामागे लिहून ठेवलेल्या नियमांत आहे. वारा किंवा पाणी मर्यादेबाहेर गेलं की गाडी रोखायची; मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा. त्या क्षणी कुणाची मर्जी विचारत बसायचं नाही. आणि एवढं असूनही पावसाळ्यात शेकडो गस्तवाले रात्री-अपरात्री रूळ पायी तपासत फिरतातच. उपकरण आलं म्हणून कुणी त्यांच्या हातातला कंदील काढून घेतला नाही.

आता हीच गोष्ट लोट्याच्या किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्यात नेऊन पाहा. पहाटे दोनची वेळ. रिॲक्टरचं, म्हणजे रसायनं शिजतात त्या बंद भांड्याचं, तापमान चढतंय, हे पडद्यावर स्वच्छ दिसतंय. पाहणारा ऑपरेटर ठेकेदाराचा माणूस. बॅच थांबवली तर लाखोंचा माल वाया जाणार आणि सकाळी जाब त्यालाच विचारला जाणार. तो काय करील? शिफ्ट इन्चार्जला फोन लावील, इन्चार्ज मॅनेजरला लावील, मॅनेजर म्हणेल, जरा थांबून बघ. तापमानाचा आकडा आता दर सेकंदाला क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर, जातोय, एवढीच काय ती प्रगती. भोपाळच्या वायुगळतीत २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब वाढलेला कामगारांना दिसला होता. मात्र तिथली मापकं कधी बरोबर दाखवतात, कधी चुकीचं, याची इतकी सवय झाली होती की कुणी त्याला भाव दिला नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा खर्च वाचवायला काही महिने आधीच बंद केलेली होती. त्या रात्री माहितीचा तुटवडा होता असं कुणाला म्हणता येईल? तुटवडा होता तो माहितीवर विश्वास ठेवण्याचा, आणि तिच्यावर वेळीच काही करण्याची सोय असण्याचा.

उपकरणांच्या समर्थकांना इतिहासातली आणखी एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते, कारण त्यांच्या उत्साहाला ती चांगली मात्रा आहे. वीज कारखान्यांत शिरू लागली ती १८८० च्या दशकानंतर. पण अमेरिकेतल्या कारखान्यांची उत्पादकता तिच्यामुळे खऱ्या अर्थाने उसळली ती १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय चाललं होतं? आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये याची उकल मांडली. सुरुवातीला मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी विजेची मोटर बसवली आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं: छताखालून जाणारा तोच लांबलचक फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याच्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे तेच पट्टे, शाफ्टच्या सोयीने रचलेली तीच यंत्रं. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर द्यायची आणि मग कामाच्या ओघाप्रमाणे कारखाना नव्याने मांडायचा, हे सुचायला आणि परवडायला एक पिढी गेली. आपल्याकडे आज बहुतेक ठिकाणी मोटर बदलून शाफ्ट तसाच ठेवण्याचं काम चाललंय. कागदी लॉगबुकाच्या जागी टॅब्लेट आला, पण त्यात तोच माणूस, तेच आकडे, शिफ्ट संपायच्या आधी पंधरा मिनिटांत, अंदाजाने भरतो. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, ही 'बसून भरलेली' लॉगशीट म्हणजे काय ते.

विरोधकांच्या बाजूनेही इतिहास आहे आणि तो कोकणी माणसाला जवळचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. दिव्यांआधी उजेड मावळला की गिरणी सुटायची. दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. तो बारा तासांवर आणायला १९११ चा फॅक्टरी कायदा यावा लागला. पुढे १९१५ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि गिरण्यांची यंत्रंही विजेवर फिरू लागली. म्हणजे वीज कोकणातली, तिच्यावर चालणाऱ्या मागावर राबणारा हात मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि नफा मात्र तिसऱ्याच्याच पेढीवर. १९२८ मध्ये मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एका विणकराला दोनऐवजी तीन माग द्यायचा घाट घातला, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर असा गिरण्यांचा संप झाला. ज्याच्या पणजोबाने तो संप पाहिला, त्याला 'एफिशियन्सी' म्हटलं की कपाळावर आठी पडते, यात मला काही वावगं वाटत नाही. पण त्या इतिहासातून निघतं काय? दिवे लावू नयेत, असं त्या कामगारांनीही म्हटलं नव्हतं. दिवसाचे तास कोण ठरवणार, हे त्यांचं भांडण होतं.

म्हणून पाळत ठेवली जाईल हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. यंत्राचा सेन्सर यंत्राबरोबर माणसालाही मोजतो. यंत्र अकरा मिनिटं बंद होतं, म्हणजे ऑपरेटर अकरा मिनिटं जागेवर नव्हता, असा अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो? तो मूत्रविसर्जनाला गेला होता, की कच्चा माल आला नव्हता म्हणून बसून होता, हे सेन्सरला कळत नाही. ज्या कारखान्यात पहिल्या महिन्यात अशा आकड्यांवरून मेमो निघतात, तिथे दुसऱ्या महिन्यात सेन्सरची वायर 'उंदराने कुरतडलेली' असते. समुद्रावर याच्या उलट वाट दिसते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप देणारी-घेणारी उपकरणं, बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. नौका कुठे आहे हे सरकारला कळणार म्हटल्यावर मच्छीमाराच्या मनात शंका येणं साहजिक. पण इस्रोने तयार केलेलं हे उपकरण दोन्ही बाजूंनी बोलतं. नौका चालवणाऱ्या तांडेलाला वादळाचा इशारा मिळतो, सागरी हद्द जवळ आल्याचं कळतं, संकटात निरोप पाठवता येतो. ज्याच्या अंगाखांद्यावर उपकरण लादायचं, त्यालाही त्यातून काही मिळालं पाहिजे, एवढी साधी अट कारखान्यांच्या डॅशबोर्डवाल्यांना का सुचत नाही? ऑपरेटरच्या समोर पडदा नाही आणि मालकाच्या खिशात मात्र आहे, अशी मांडणी मी पाहतो तेव्हा तो प्रकल्प वर्षभरात धूळ खाणार, याची मला खात्री वाटते.

माणसं घरी बसतील, या भीतीबद्दल मात्र मी थोडा कठोर आहे. ती भीती दुसऱ्या प्रदेशातून उसनी आणलेली आहे. कोकणात माणूस जास्त झाला म्हणून कुठला कारखाना अडलाय? आंब्याच्या बागा राखायला आणि नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात. आयटीआय झालेला पोरगा दोन वर्षं इथे काढतो आणि तळोज्याला किंवा पुण्याला जातो. मागे उरतो तो निवृत्तीला आलेला फिटर. तो कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवतो, त्याची मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि सांगतो, हे अजून पंधरवडा काढील. त्याचं निदान बहुतेकदा बरोबर असतं. तो गेला की हे ज्ञान त्याच्याबरोबर जातं. कंपन मोजणारा सेन्सर हेच काम करतो, तेही रात्रंदिवस, आणि त्याची नोंद मागे राहते. त्या नोंदीच्या शेजारी या फिटरचं मत लिहून घेतलं, की आज कंपन अमुक इतकं आणि तो म्हणतो अमुक, तर पुढच्या पोराला शिकायला काहीतरी राहील. सेन्सर फिटरची जागा घेईल का, हा प्रश्नच इथे चुकीचा पडतो. त्या जागेवर दुसरा कुणी यायला तयार नाही.

आता परवडण्याचा मुद्दा. आंब्याच्या पल्पचा कारखाना वर्षातले जेमतेम दोन महिने धावतो, मग दहा महिने बंद असलेल्या यंत्रावर सेन्सर कशाला, असं विचारलं जातं. मला हा तर्क उलटा वाटतो. वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात जूनमध्ये दोन दिवस गेले तर जुलैत भरून काढता येतात. कॅनिंगचा हापूस मेच्या अखेरीला गाड्या भरून दारात उभा असतो आणि त्याला थांबायला सांगता येत नाही. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप किंवा डबे बंद करणारं सीमिंग मशीन त्या आठवड्यात बंद पडलं, तर नुकसान दुरुस्तीच्या बिलाचं नसतं, अंगणात सडणाऱ्या आंब्याचं असतं. हंगाम जितका छोटा तितकी आगाऊ सूचना मोलाची. त्यासाठी सगळा कारखाना जोडायची गरज नाही. ज्या दोन-तीन यंत्रांवाचून सगळं अडतं, तेवढ्यांना जोडावं. विक्रेता याला नाखूश असेल, कारण त्याला पॅकेज विकायचं असतं.

काजूचंही तसंच. वेंगुर्ला-कुडाळकडच्या काजू कारखान्यात नफा-तोटा ठरतो तो अख्खा गर किती निघाला आणि पाकळी-तुकडा किती, यावर. गर सालीसकट ड्रायरमध्ये सुकतो तेव्हा उष्णता आणि दमटपणा नेमका नसेल, तर साल नीट सुटत नाही किंवा गर ठिसूळ होऊन सोलताना मोडतो. आपल्याकडे जूनमधली हवा आणि जानेवारीतली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण ड्रायर मात्र दोन्ही वेळा 'नेहमीसारखा' लावलेला. ट्रेच्या वरच्या आणि खालच्या थरात तापमान किती वेगळं असतं, हे दोन स्वस्त सेन्सर ठेवून पाहिलं तरी डोळे उघडतात. आणि हा आकडा कुणाला दिसायला हवा? ड्रायर भरणाऱ्या बाईला. ट्रे कधी फिरवायचे ते तीच ठरवते. सोलणाऱ्या बायकांना मोडलेल्या गरासाठी बोल लावले जातात, पण त्यातला बराचसा दोष आदल्या रात्रीच्या ड्रायरचा असू शकतो, हेही त्या आकड्यातूनच सिद्ध होईल. आकडा नेहमी मालकाच्याच बाजूने साक्ष देतो, असं थोडंच आहे?

बर्फाच्या कारखान्याचा विषय तर निव्वळ वीजबिलाचा. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर नव्हे तर एकूण ओढलेल्या विजेवर, बिल येतं. म्हणजे ओढलेल्या विजेतली कामी येणारी वीज किती, हे सांगणारा पॉवर फॅक्टर घसरला की त्याचा भुर्दंड थेट युनिटमध्येच मोजला जातो. तो सावरणारा कुठला कॅपॅसिटर मेलाय, हे महिन्याच्या बिलावरून कळत नाही. प्रत्येक फीडरवर, म्हणजे आतल्या प्रत्येक वीजवाहिनीवर, बसवलेल्या मीटरवरून त्याच दिवशी कळतं. शिवाय बर्फ ही साठवता येणारी थंडी आहे. विजेच्या महाग तासांत कॉम्प्रेसर ओढायचा की स्वस्त तासांत, याची निवड या धंद्याला जितकी आहे तितकी फार थोड्यांना आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला किती नौका कधी लागणार, याचा अंदाज या निवडीला जोडला, तर मला वाटतं बाकी सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोठा फायदा इथेच दिसेल.

विजेचा आणि नेटवर्कचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात तारांच्या जोडांवर हिरवा गंज चढतो. पुण्यात तपासलेली उपकरणं इथे पहिल्या पावसात माना टाकतात. पण यातून उपकरण नको, असं निघत नाही. इथल्या हवेला टिकणारं उपकरण हवं, एवढंच निघतं. नेट गेलं तरी आकडे जागेवरच साठवणारा आणि नेट आलं की पाठवणारी गेटवेची पेटी, पुराच्या रेषेच्या वर बसवलेलं पॅनल, बंद झाकणाची पेटी. जो विक्रेता हे विचारत नाही आणि थेट क्लाउडच्या वर्गणीचं बोलतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

बाहेरून कुणी घुसेल ही भीतीही खरी आहे, आणि तिचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. २७ जून २०१७ च्या जागतिक सायबर हल्ल्यात न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मूळ हल्ला युक्रेनकडे रोखलेला, पण कंटेनर अडकले उरणला. लहान कारखान्याने यातून एकच गोष्ट घ्यावी. आकडे बाहेर जाऊ देत, हुकूम बाहेरून आत येऊ देऊ नयेत. मोबाइलवरून व्हॉल्व्ह उघडता येतो, ही विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली सगळ्यात आकर्षक ओळ असते. तीच सगळ्यात आधी खोडावी.

इथवर आलो तो सगळा कारखान्याच्या भिंतीआतला हिशेब. भिंतीबाहेरच्या माणसाचं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धूर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितलं. उपकरणं जोडण्याची सक्ती झालेलं हे आपल्याकडचं बहुधा सगळ्यात जुनं मोठं उदाहरण. दहा वर्षं उलटली. लोट्याचं सांडपाणी जिथे जातं त्या दाभोळ खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी थांबल्या का? सावित्रीच्या पाण्याबद्दल महाडकरांचा सूर बदलला का? उपकरणांचे विरोधक इथे विजयी मुद्रेने पाहतात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो: मोजूनही काही झालं नाही. पण नीट पाहा. त्या यंत्रणेचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवून मोजणारा भाग, कुणाच्या ताब्यात? ज्याला मोजायचं त्याच्याच. प्रोब नाल्यातून काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला की आकडा आज्ञाधारक मुलासारखा मर्यादेत राहतो. उपकरण बरोबर मोजतं याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, दाखला कोण आणतो? तोच. आणि आकडा जातो कुठे? दूरच्या सर्व्हरवर. खाडीत जाळं टाकणाऱ्या भोयाला, ज्याचं पोट त्या आकड्यावर आहे, त्याला तो नाक्यावर उभा राहून वाचता येतो का? मोजणं फसलं असं मी म्हणणार नाही. मोजलेलं योग्य माणसापर्यंत पोचू नये, अशीच त्याची रचना आहे.

म्हणूनच मला मेळाव्यांतल्या दोन्ही गटांना एक काम सुचवावंसं वाटतं, आणि ते दोघांनाही फारसं आवडणार नाही. सेन्सर विकत घेण्याआधी एका कागदावर लिहा: अमुक आकडा अमुक पातळीच्या वर गेला तर अमुक हुद्द्याचा माणूस, कुणालाही न विचारता, यंत्र थांबवील, आणि नंतर तो आकडा खोटा ठरला तरी त्याच्या पगारातून दमडी कापली जाणार नाही. तो हुद्दा ठेकेदाराच्या माणसाचा असेल, तर हे त्याच्या ठेक्याच्या करारातही लिहा. ही ओळ लिहायला मालक तयार नसेल, तर त्याला डॅशबोर्ड फक्त पाहुण्यांना दाखवायला हवाय. कामगार संघटनांनी सेन्सरला विरोध करण्यापेक्षा या ओळीसाठी आणि ऑपरेटरसमोरच्या पडद्यासाठी भांडावं. माणसामागच्या मिनिटांचे आकडे शिस्तभंगाला वापरणार नाही, हे लिहून घ्यावं. औद्योगिक वसाहतीतल्या सामाईक सांडपाणी प्रकल्पाच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा वसाहतीच्या फाटकावर आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतींत, मराठीत, मोठ्या अक्षरांत लागावा. आणि त्याचा प्रोब अधूनमधून न सांगता तपासायचा हक्क त्या ग्रामपंचायतींना असावा. राहिला विक्रेत्याबरोबरचा करार. पाच वर्षांनी वर्गणी थांबवली तर जमा झालेले आकडे कारखान्याला परत मिळणार का, कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. सही करण्याआधी ते लिहून घ्या, कारण तुमच्या कॉम्प्रेसरचा पाच हंगामांचा इतिहास त्या आकड्यांत असतो, आणि तो तुमच्याच मालकीचा आहे.